बातमी ओली होती

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. संध्याकाळी वाकडच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी कपडे वाळत घालत होतो आणि फोन थरथरला. 'कांदा निर्यातबंदी उठली.' एका न्यूज अ‍ॅपची सूचना होती. पुढच्या दहा मिनिटांत तीच बातमी आणखी चार ठिकाणी दिसली. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मंजुरी दिली, तीन लाख टन कांदा बाहेर जाणार, वगैरे. ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून मी गावी नानांना फोन लावला.

"नाना, उद्या ट्रॉली भरू नका."

"का रे?"

"निर्यात उघडली. दोन-तीन दिवस थांबा, भाव अजून वर जाईल."

पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग नाना म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर थांबतो."

ते 'तू म्हणतोस तर' ऐकून मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं.

आमची शेती निफाड तालुक्यात आहे. नाना, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर कांदा आणि थोडा मका करत आलेत. मी इंजिनिअरिंग करून पुण्यात कोड लिहितो. घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझी एक ठरलेली नोकरी आहे. कुणी काही फॉरवर्ड केलं की त्याखाली 'हे खोटं आहे' असं लिहून लिंक टाकायची. दोन हजारच्या नोटेतली चिप, अमुक काढा घेतला की कॅन्सर बरा, रात्री बारानंतर मोबाइल बंद ठेवा कारण कुठलेसे किरण येणार आहेत, सगळं मी निस्तरलंय. मावशी माझ्यावर यामुळे थोडी नाराजही असते.

नानांचं मात्र वेगळं. ते फॉरवर्ड करत नाहीत. ते टीव्ही बघतात आणि टीव्हीला उत्तरं देतात.

शाळेत असल्यापासून मी एक दृश्य पाहत आलोय. कांदा महागला की टीव्हीवर मुंबईतल्या एखाद्या बाजारातल्या ताई दिसतात, हातात पिशवी, समोर माइक. खाली पट्टी फिरते, 'कांद्याने पुन्हा रडवलं'. आणि नाना सोफ्यावरून म्हणतात, "खोटं बोलू राहिले."

कॉलेजात गेल्यावर मला या वाक्याचा राग यायला लागला. मी वाद घालायचो. "नाना, यात खोटं काय आहे? ऐंशी रुपये किलो आहेच की."

"माझा विकला का ऐंशीने?"

"तुमचा नाही विकला, पण दुकानात आहे ना ऐंशी?"

"मग दुकानदाराकडे जा म्हणावं. कांद्यानं काय रडवलं? कांद्याला काय हात-पाय आहेत?"

मला वाटायचं, नानांना 'खोटं' आणि 'मला न आवडलेलं' यातला फरक कळत नाही. चुकीची बातमी म्हणजे आकडा चुकलेला, तारीख चुकलेली, घडलंच नाही ते घडलं म्हणून सांगितलेलं. ऐंशी रुपये हा आकडा खरा, म्हणून बातमी खरी. संपलं. भाव ऐंशीवर जातो तेव्हा आमच्या चाळीतला उन्हाळ कांदा बहुतेक विकून झालेला असतो किंवा सडलेला असतो, हे मला माहीत होतं, पण ते मी बातमीच्या बाहेरचं समजायचो.

डिसेंबर २०१८ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला, त्याचे १,०६४ रुपये आले आणि त्याने ते पंतप्रधानांना मनिऑर्डर करून पाठवले. ती बातमी देशभर गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजारात ५१२ किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-गाडीभाडं कापून, दोन रुपये हातात आले आणि त्या दोन रुपयांचाही चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. तीही बातमी गाजली. नाना दोन्ही वेळा टीव्हीसमोर गप्प बसले होते. "हे खरं आहे ना मग?" असं मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "खरं आहे. पण त्यानं मनिऑर्डर केली म्हणून दाखवलं. दीड रुपया तर आम्हा सगळ्यांनाच मिळाला."

हे वाक्य मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं, कारण मी तेव्हा खोट्या बातम्या ओळखणारं मशीन बनवत होतो.

गंमत म्हणून सांगत नाही, खरंच बनवत होतो. २०१८-१९ हे आमचं बी.ई.चं शेवटचं वर्ष. त्या वर्षीच्या १ जुलैला, आठवडे बाजाराच्या दिवशी, आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसं. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' अशी आवई होती. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी मोटरसायकलवाला मुलाला परत आणून सोडतो, तेवढाच भाग कापलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं. आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्टचा विषय बदलला. 'फेक न्यूज डिटेक्शन युजिंग मशीन लर्निंग'. आम्हाला खरंच काहीतरी करायचं होतं.

मराठीत डेटा नव्हता, म्हणून इंग्रजीत शोधला. एक प्रसिद्ध संच होता, नाव 'लायर'. अमेरिकेतल्या पॉलिटिफॅक्ट या संस्थेने तपासलेली १२,८३६ छोटी विधानं, आणि प्रत्येकाला सहापैकी एक शिक्का: धादांत खोटं, खोटं, जेमतेम खरं, अर्धं खरं, बरंचसं खरं, खरं. त्या सहा खणांत विधानं नीट टाकणं इतकं अवघड, की ज्याने हा संच तयार केला त्याच्या सर्वांत चांगल्या मॉडेललाही २७ टक्क्यांच्या आसपासच जमलं होतं. आमचं तर बावीसवर अडकलं. एवढ्या आकड्यावर एक्स्टर्नलसमोर कसं जायचं? मग आम्ही सगळ्या विद्यार्थ्यांनी केलं तेच केलं. सहाचे दोन खण केले. वरचे तीन 'खरं', खालचे तीन 'खोटं'. 'अर्धं खरं' मी स्वतः एका ओळीच्या कोडने 'खरं'मध्ये ढकललं. ती ओळ मला अजून आठवते.

तरी आकडा देखणा होईना. मग कॅगलवरून दुसरा संच उतरवला. त्यात खऱ्या बातम्या सगळ्या रॉयटर्सच्या आणि खोट्या इकडच्या तिकडच्या साइट्सवरच्या. अचूकता एकदम ९८ टक्के. आम्ही वडापाव खाल्ले. सबमिशनच्या दोन दिवस आधी मित्राने सहज पाहिलं, की मॉडेल नेमकं कोणत्या शब्दांवर निर्णय घेतंय. खऱ्या बातम्या बहुतेक 'वॉशिंग्टन (रॉयटर्स)' अशा सुरू होत होत्या. मॉडेल सगळ्यात जास्त 'रॉयटर्स' या शब्दावर टेकून बसलं होतं. बातमीत काय म्हटलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. मथळ्यावरचा शिक्का बघायचं आणि पुढे सरकायचं.

आम्ही हे एक्स्टर्नलला सांगितलं नाही. चांगले मार्क मिळाले.

आता नोव्हेंबर २०२३ कडे येतो, कारण नानांनी माझं का ऐकलं ते तिथे आहे.

त्या वर्षी पाऊस कमी होता, लाल कांदा उशिरा आला, पण भाव चांगला होता. काढलेला कांदा शेतात पडून होता. हवामान खात्याने पाऊस आणि गारपिटीचा इशारा दिला होता. मी स्क्रीनशॉट पाठवला, फोन केला, ताडपत्री टाका म्हणालो. नाना म्हणाले, "हे रोजच सांगतात. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा थेंब आला का?" २६ नोव्हेंबरला, रविवारी, निफाडमध्ये गारा पडल्या. द्राक्षबागांचं काय झालं ते तुम्ही फोटोंमध्ये पाहिलं असेल. आमचा सोळा-सतरा क्विंटल कांदा गारांनी फोडला आणि पाण्यात गेला.

सगळेच खोटं बोलतात असं ठरवून टाकलं की खरं सांगणाराही त्या गर्दीत बसतो, आणि त्याचा हिशेब माणसाला स्वतःच्या वावरात चुकवावा लागतो. मी तेव्हा फोनवर काही बोललो नाही. पण मनात 'सांगितलं होतं ना' हे होतंच, आणि नानांना ते ऐकू गेलं असावं. त्यानंतर ते अधूनमधून विचारायला लागले, "तुझ्या मोबाइलमध्ये काय सांगू राहिले?" डिसेंबरमध्ये केंद्राने ३१ मार्चपर्यंत निर्यातबंदी घातली, भाव कोसळले, तेव्हाही रात्री फोन करून विचारलं, "हे पक्कं आहे का?" ते पक्कं होतं. माझ्या खात्यात आणखी एक खरं जमा झालं.

म्हणून १८ फेब्रुवारीला 'तू म्हणतोस तर'.

सोमवारी लासलगावला सरासरी भाव क्विंटलला १,८०० रुपये निघाला. शनिवारी तोच १,२८० होता. एका बातमीने चाळीस टक्के वाढ. शेजारच्या अण्णांनी सकाळीच ट्रॉली नेली होती, ते खूश. नानांचा कांदा पातीखाली झाकून शेतात. दुपारी फोन आला, "काय करू?" मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. म्हणालो, "थांबा नाना. ही तर सुरुवात आहे. अडीच हजार होईल." हा अडीच हजारांचा आकडा मी कुठून आणला, देव जाणे. कुणीतरी यूट्यूबवर म्हणालं असेल.

मंगळवारी, २० फेब्रुवारीला, ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं की निर्यातबंदी उठवलेली नाही. ती लागू आहे, ३१ मार्चपर्यंतची मुदत तशीच आहे. मी ते मीटिंगमध्ये, टेबलाखाली फोन धरून वाचलं. कान गरम झाले. संध्याकाळपर्यंत मी नानांना फोन केला नाही. केला तेव्हा ते आधीच म्हणाले, "कळलं. बाजारातून आलोय."

लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. थांबून-थांबून किती थांबणार? गुरुवारी नानांनी ट्रॉली नेली. १,४६० ने गेली. बावीस क्विंटल. सोमवारच्या सरासरी भावाशी ताडून पाहिलं तर साधारण साडेसात हजारांचा फरक. माझ्यासाठी तो एका वीकेंडचा खर्च आहे, हे लिहितानाही कसंतरी होतं. नाना म्हणाले, "सोमवारी नेला असता तरी मला अठराशेच मिळाले असते असं कुठं आहे? गोल्टी बरीच होती." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले हे मला कळत होतं.

मी विचारलं, "बातमी खोटी निघाली ना."

आणि इथे नाना, ज्यांनी आयुष्यभर खऱ्या आकड्यांच्या बातम्यांना 'खोटं' म्हटलं, ते म्हणाले, "खोटी नव्हती. ओली होती."

ओला कांदा गोणीत भरला तर वरून चकचकीत दिसतो. चार दिवसांनी गोणी सोडली की आत काळा. सुकवायचा तो वेळ दिला नाही एवढाच दोष. नानांचं म्हणणं, दिल्लीत काहीतरी शिजत होतं हे नक्की. ते सुकायच्या आत कुणीतरी बाजारात आणलं. आणि ते अगदीच चूक नव्हते. त्याच गुरुवारी केंद्राने बांगलादेश, मॉरिशस, बहरीन आणि भूतान या चार देशांना मिळून ५४,७६० टन कांदा पाठवायला परवानगी दिली. म्हणजे बंदी कायम, पण थोडा कांदा जाणार. आता हे विधान आमच्या सहा खणांपैकी कुठल्या खणात टाकायचं सांगा. मी २०१९ साली ते 'खरं'मध्ये ढकललं असतं.

बाजार समितीबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात काय चर्चा होती, तेही नानांनी सांगितलं. तीन गट. एक म्हणे, खळ्यावरचा माल चढ्या भावात खपवायला व्यापाऱ्यांनीच बातमी सोडली. दुसरा म्हणे, लोकसभा आली, पुढाऱ्यांनी श्रेय घ्यायला घाई केली. तिसरा म्हणे, टीव्हीवाल्यांना रविवारी काही मिळत नाही, म्हणून. मी म्हणालो, "किंवा नुसती चूक झाली असेल. कुणी अर्धवट सांगितलं, कुणी न विचारता छापलं." नाना हसले. टपरीवर हे कुणीच म्हणालं नव्हतं.

मला अजूनही वाटतं की चूक हीच शक्यता मोठी होती. व्यापाऱ्यांच्या कटाचा काही पुरावा मला तरी दिसलेला नाही. पण बातमीने ज्याचं नुकसान झालंय त्याच्याकडे चुकीचा खणच नसतो. त्याच्यापुढचा प्रश्न 'खरं की खोटं' हा नसतो, 'हे कुणाला हवं होतं' हा असतो.

नंतर अपराधी वाटून मी वाचत बसलो. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा २०१७ चा एक अहवाल सापडला. पुन्हा रॉयटर्स, माझं नशीब. अमेरिका, ब्रिटन, स्पेन आणि फिनलंडमधल्या सामान्य वाचकांना गटागटाने बसवून, तुम्ही 'फेक न्यूज' कशाला म्हणता, असं विचारलं होतं. लोकांनी बनावट बातम्यांची उदाहरणं कमीच दिली. जास्त दिली ती ढिसाळ पत्रकारितेची, राजकीय प्रचाराची, बातमीच्या वेषातल्या जाहिरातींची. खरी आणि खोटी बातमी यांच्यात त्यांना भिंत दिसत नव्हती, उतार दिसत होता. म्हणजे हेलसिंकीतला कुणी आणि निफाडच्या सोफ्यावरचे नाना एकच गोष्ट म्हणत होते, आणि मध्ये बसून मी दोघांना 'ही व्याख्या चुकीची आहे' असं समजावत होतो.

दुसरं वाचलं ते जास्त झोंबलं. डेव्हिसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये लिहून ठेवलंय की माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो, असं माणसं धरून चालतात. फसतो तो नेहमी तिसराच. मावशी फसते, ग्रुपवरचे काका फसतात, राईनपाड्याचा जमाव फसतो. मी लिंक टाकतो.

त्या रविवारी मी काय तपासलं होतं? चार ठिकाणी दिसली म्हणून खरी मानली. चारही ठिकाणी 'सूत्रांच्या माहितीनुसार' होतं आणि चौघांचं सूत्र बहुधा एकच. सरकारी अधिसूचना निघाली का, हे बघायला मला दोन मिनिटं लागली असती. निर्यातीचे निर्णय परकीय व्यापार महासंचालनालयाच्या साइटवर पडतात, मला माहीत होतं. मावशीने पाठवलेली बातमी असती तर बघितलं असतं. ही मला हवी असलेली बातमी होती. घराला दोन पैसे मिळतील आणि ते माझ्यामुळे मिळतील, अशी. शिक्का बघितला आणि पुढे सरकलो. ९८ टक्के.

मार्च संपता संपता बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली गेली. ती बातमी मी नानांना पाठवली नाही, त्यांनीच मला सांगितली.

४ मे, शनिवार. सकाळी फोन थरथरला. 'कांदा निर्यातबंदी उठली.' या वेळी मी आधी साइट उघडली. अधिसूचना होती, क्रमांकासकट, सहीसकट. पीडीएफ उतरवली, नानांना पाठवली आणि मग फोन केला.

"नाना, कागद आहे या वेळी. पाठवलाय."

"इंग्रजीत आहे. वाच."

मी वाचून सांगितलं. बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव लावूनच माल पाठवता येईल. आणि आदल्या रात्री वेगळं लावलेलं निर्यातशुल्क, ४० टक्के.

"डॉलर कितीला आहे?"

"त्र्याऐंशी आणि काही पैसे."

पलीकडून कागदाचा आवाज आला. आई म्हणाली, लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहू राहिले. मी फोन कानाला धरून थांबलो. माझ्या लॅपटॉपवर कॅल्क्युलेटर उघडा होता, पण मी काही बोललो नाही.

"किलोला शेहेचाळीस धर," नाना म्हणाले. "त्याच्यावर चाळीस टक्के. चौसष्टच्या वर गेला. गाडी, बोट वेगळी. पाकिस्तानचा कांदा सोडून हा घेणार कोण?"

"पण बंदी उठली, हे खरं आहे नाना."

"हो, खरं आहे," ते म्हणाले. मागे टीव्ही चालू होता. कुणीतरी ओरडून सांगत होतं की शेतकऱ्यांना मोठा दिलासा. नानांनी त्याला उत्तर दिलं नाही. "मी चाळीकडे जाऊन येतो. तुझ्या आईशी बोल."